राज्य कोणाचे, राख कोणाची?

आम्ही धंद्याने शाळामास्तर. मुलांना वाक्यातला कर्ता शोधावयास शिकविणे हे आमचे रोजचे काम. "गाय गवत खाते" यात खाणारी कोण, हे दुसरीतले पोरही सांगते. परंतु मोठमोठ्या वर्तमानपत्रांतून एक वाक्य वर्षानुवर्षे छापून येते, त्याचा कर्ता मात्र आजवर कोणा संपादकास सापडलेला नाही. ते वाक्य म्हणजे "दंगल उसळली." दूध उतू जाते, समुद्र उसळतो, तशी म्हणे दंगलही आपली आपण उसळते! घरे पेटली, दुकाने फुटली, माणसे मेली. पेटविणारा कोणी नाही, फोडणारा कोणी नाही, आणि मारणारा तर नाहीच नाही. व्याकरणाने पाहिले तर या वाक्यात कर्ता दंगल हीच. म्हणजे दंगलीनेच दंगल केली, आणि शहाण्यांनी हात धुऊन पाने वाढून घेतली!

शेतकरी बांधवहो, पेरल्यावाचून काही उगवते काय? बांधावरचे तणसुद्धा कोठून तरी बी उडून आल्याशिवाय येत नाही. मग हजार माणसे गिळणारे पीक बियाण्यावाचून कसे आले? आमचे म्हणणे सरळ आहे. देशाचे राज्य एका हातातून दुसऱ्या हाती जात असते, जुनी सत्ता सुटलेली व नवी बसलेली नसते, अशा सांध्याच्या वेळी दंगल पेरली जाते. पेरणारा तोच, कापणी घरी नेणाराही तोच. खत म्हणून जमिनीत गाडला जातो तो कुणबी, विणकर, हमाल, गिरणीवाला. कोणाच्या डोकीवर टोपी असेल, कोणाच्या गळ्यात माळ असेल. खत ते खतच.

याचे दाखले पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. आमच्यासारख्या खेड्यांतून पोटासाठी निघालेला माणूस अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील चाळीत जाऊन पडतो. त्याच उपनगरांच्या मातीत हे पीक एकदा सोडून दोनदा आले. म्हणून हे लिहिणे तेथल्या लोकांसाठी जितके आहे तितकेच येथे चुलीपुढे बसून मुलाच्या मनिऑर्डरीची वाट पाहिलेल्या मायबहिणींसाठी आहे.

पहिला दाखला १९४७ सालचा. इंग्रज सरकारने २० फेब्रुवारी १९४७ रोजी जाहीर केले की जून १९४८ पर्यंत आम्ही हिंदुस्थान सोडू. पुढे ३ जूनला फाळणीची योजना आली आणि जाण्याची मुदत दहा महिने अलीकडे ओढून १५ ऑगस्टवर आणली. दोन भावांत चार बिघे जमीन वाटावयाची झाली तर मोजणीदार येतो, पंच बसतात, बांधावर दगड पुरतात, आणि तरी दिवाणीत वाद दहा वर्षे चालतो. येथे पंजाब आणि बंगाल हे दोन प्रांत चिरावयाचे होते. त्यासाठी विलायतेहून सर सिरिल रॅडक्लिफ नावाचे बॅरिस्टर जुलै महिन्यात आले. त्यांनी हा देश पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. पाच आठवड्यांत त्यांनी नकाशावर रेघ ओढली आणि ती रेघ लोकांना कळली १७ ऑगस्टला. म्हणजे स्वातंत्र्याचे झेंडे लागले, साखर वाटली गेली, तेव्हा मधल्या कित्येक गावांतील लोकांना आपले घर कोणत्या राज्यात आहे हे ठाऊक नव्हते! पंजाबात शांतता राखण्याकरिता एक सैन्यदल १ ऑगस्टला उभे केले होते. ऐन कापाकापीत, महिना होतो न होतो तोच तेही मोडून टाकले.

परिणाम काय झाला? सव्वा कोटीच्या आसपास माणसे घर सोडून निघाली. मेली किती, याचा हिशेब कोणी दोन लाख सांगतो, कोणी दहा लाख, कोणी वीस लाख. ज्या सरकारांकडे जमिनीच्या गुंठ्याचा हिशेब होता, त्यांना आपल्या मेलेल्या माणसांची मोजदाद ठेवता आली नाही, यावरून गरिबाच्या जिवाची किंमत ओळखावी.

आता विचारू या की हे ठरविले कोणी? "लोकांनी ठरविले", असे साळसूदपणे सांगतात. कोणत्या लोकांनी? १९४६ सालच्या निवडणुका १९३५ च्या कायद्याप्रमाणे झाल्या. त्यात मत देण्याचा हक्क ज्याच्याजवळ मालमत्ता, ठराविक सारा किंवा शिक्षण असेल त्यालाच. बहुतेक कुळांना, शेतमजुरांना, विणकरांना, बलुतेदारांना व त्यांच्या बायकांना मतच नव्हते. ज्यांना विचारले नाही त्यांची घरे जळाली. ज्यांना विचारले त्यांतले पुष्कळसे विमानाने व पहिल्या वर्गाने इकडून तिकडे गेले.

सिंध प्रांताचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा आहे. ती १८५५ साली निघाली. सिंधवर रेघ ओढली नाही, तो सबंध पाकिस्तानात गेला. प्रथम तेथे पंजाबसारखी कापाकापीही नव्हती. परंतु इकडून उजाडून गेलेले मुसलमान तेथे पोचले, त्यांना घरे हवी होती. आणि ज्यांच्या घरात लोक राहत होते ती घरे रिकामी करवावयाची तर भय हाच उपाय. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगा झाला. त्यानंतर सिंधी हिंदू बोटी भरभरून मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागले. लढाईच्या वेळच्या रिकाम्या लष्करी बराकी त्यांना दिल्या गेल्या. कल्याणजवळच्या छावणीत लाखाच्या घरात माणसे कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचेच उल्हासनगर झाले. मुलुंडची कॉलनी, चेंबूरचा कॅम्प ही नावे त्याच काळची. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक संसार थाटले गेले. पडद्याच्या अलीकडे बाळंतीण, पलीकडे मरणारा म्हातारा.

त्या लोकांनी भीक मागितली नाही. गाड्यांतून गोळ्या-बिस्किटे विकली, पापड लाटले, शिवणयंत्रे चालविली, आणि स्वतःस निर्वासित न म्हणता पुरुषार्थी म्हणविले. आमच्यातील काही लोक अजून बोटे मोडतात की "हे आले आणि आमच्या उपनगरांची शेते गेली." हे बोलणे अर्धवट आहे. १९५० साली मुंबईची हद्द उपनगरांत पसरली, १९५७ साली ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, आणि पुढल्या तीस-चाळीस वर्षांत साष्टीच्या आगरी, कोळी, कुणबी, वारली व ईस्ट इंडियन लोकांची भातशेते वस्तीखाली बुडाली. ती कागद करणाऱ्यांनी आणि भाव ठरविणाऱ्यांनी बुडविली. गोणपाटाआड झोपणाऱ्याने ती बुडविली, असे म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशास फाशी देणे होय.

याच वेळची आणखी एक गोष्ट प्रत्येक बहुजन घरात सांगितली गेली पाहिजे. कराचीतून शेटसावकार, वकील, अधिकारी निघाले, त्यांना जाऊ दिले. परंतु रस्ते व संडास साफ करणाऱ्या अस्पृश्य बांधवांना मात्र सिंध सरकारने "अत्यावश्यक सेवा" म्हणून अडवून ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंडित नेहरूंस पत्र लिहून या लोकांच्या सुटकेविषयी गाऱ्हाणे मांडले. पहा बांधवहो! धर्मासाठी म्हणून ज्या देशाचे दोन तुकडे केले, त्या धर्माभिमान्यांना परधर्माचा सावकार नको होता, परधर्माचा वकील नको होता, पण परधर्माचा झाडूवाला हवा होता. तेथे कोणाचाही धर्म बाटत नव्हता! मग धर्म कोठे संपतो आणि मतलब कोठे सुरू होतो, हे आणखी काय समजावून सांगावे?

दुसरा दाखला आमच्या स्वतःच्या अंगणातला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे सत्यशोधकास शोभत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचा खून झाला. खुनी नथुराम गोडसे, जातीने ब्राह्मण, पुण्याचा. त्याला कायद्याने फाशी झाली ते योग्यच. परंतु खुनाची बातमी येताच मुंबई, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे व दुकाने पेटविली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला. त्या जमावांत आमच्या बहुजन समाजातले हात होते. कोणी म्हणेल, "मास्तर, शेकडो वर्षांचा राग होता." असेल. राग खरा होता, सावकारी खरी होती, देवळाच्या पायरीवरचा अपमान खरा होता. परंतु एका गोडसेचे पाप शेजारच्या म्हाताऱ्या विधवेच्या घरावर फेडणे, हे कोणाचे शास्त्र? जन्मावरून माणसास अपराधी ठरविणे हे तर मनुस्मृतीचे शास्त्र! आम्ही ज्याच्याविरुद्ध जन्मभर बोललो, तेच मशाल हाती घेऊन करून दाखविले.

जोतीराव फुल्यांनी भिक्षुकशाहीवर जेवढे कोरडे ओढले तेवढे कोणी ओढले नसतील. त्याच जोतीरावांनी १८६३ साली फसलेल्या ब्राह्मण विधवांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, आणि अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्यास डॉक्टर केले. त्यांच्या शेवटच्या ग्रंथात, सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात, एकाच घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी होऊन सर्वांनी गोडीने नांदावे असे त्यांनी सांगितले आहे. जोतीरावांची तसबीर भिंतीवर लावणाऱ्याने ही गोष्ट मनाच्या भिंतीवरही लावावी.

आणि जाळून मिळाले काय? ब्राह्मण कुटुंबे गाव सोडून पुण्या-मुंबईकडे गेली. कुळाला जमीन आगीने दिली नाही. ती मिळाली १९४८ च्या कूळकायद्याने, त्याच्या पुढल्या दुरुस्तीने, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरून. म्हणजे कागदाने गेलेली जमीन कागदानेच परत आली. आमच्या पणजोबांना ही अक्कल होती. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांची गहाणखते व रोखे मागून घेतले आणि जाळले; माणसे जाळली नाहीत. त्या उठावाचा धसका सरकारने घेतला, चौकशी बसली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांस सावकारापासून आधार देणारा कायदा झाला. त्या आडगावच्या, निरक्षर म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्याला वैरी कोठे बसला आहे हे कळत होते. वैरी दस्तऐवजात होता. आज शिकलेल्या पोराला तो शेजाऱ्याच्या दाढीत किंवा शेंडीत दिसतो.

तिसरा दाखला १९९२-९३ सालचा, आणि तो घडलेला पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा परकी राज्य जाऊन स्वदेशी आले नव्हते, परंतु सत्तेचा पाया हलत होता. १९८९ ते १९९१ या तीन वर्षांत दिल्लीत तीन पंतप्रधान बदलले. ७ ऑगस्ट १९९० रोजी मंडल आयोगाप्रमाणे मागासलेल्या शेतकरी व कारागीर जातींना केंद्राच्या नोकऱ्यांत २७ टक्के जागा जाहीर झाल्या. लगेच २५ सप्टेंबरला सोमनाथाहून अयोध्येकडे रथ निघाला. माळी, तेली, कुंभार, साळी यांच्या पोरांनी कचेरीतली खुर्ची मागितली, तर उत्तर मिळाले की खुर्ची राहू द्या, आधी मंदिर बांधू चला! इकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी-संप बुडाला होता आणि संपावर गेलेल्या अडीच लाख कामगारांपैकी पुष्कळांच्या चुली विझल्या होत्या. रिकामा हात आणि रिकामे पोट यांना झेंडा फार लवकर सापडतो.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येची मशीद पाडली गेली. मुंबईत त्याच रात्री संतापलेले मुसलमान रस्त्यावर आले. दगड पडले, गोळ्या चालल्या. मग जानेवारीचा दुसरा फेरा. ५ जानेवारी १९९३ च्या रात्री डोंगरी भागात माथाडी कामगारांचे खून झाले. माथाडी म्हणजे कोण? साताऱ्या-सांगलीकडचा, पाठीवर पोती वाहणारा आमचाच कुणबी भाऊ. त्याच्या पाठीवरच्या ओझ्याची चौकशी ज्यांनी जन्मात केली नाही, ते त्याच्या प्रेताचे मात्र एकदम नातेवाईक झाले! दोन रात्रींनी, ८ जानेवारीच्या पहाटेपूर्वी, जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदूंच्या खोल्यांना बाहेरून कड्या घालून आग लावली. एक पुरुष आणि पाच स्त्रिया जळून मेल्या. त्यांत एक अपंग मुलगी होती. यापुढे शहरभर मुसलमानांवर सूड सुटला. बेकरीवाले, सुतार, शिंपी, हातगाडीवाले, म्हणजे तेही आमच्यासारखेच हातावर पोट असलेले लोक, याद्या घेऊन हुडकले गेले.

सरकारने न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. १९९६ च्या जानेवारीत नव्या सरकारने तो मोडला, मे महिन्यात ओरड झाल्यावर पुन्हा जोडला. १६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल आला. मेलेल्यांचा आकडा ९००. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ ओळख न पटलेले व ५ इतर. जखमी २,०३६. आयोगाने डिसेंबरातील व जानेवारीच्या आरंभीच्या मुसलमान गुंडांना व माथेफिरूंना दोष दिला. ८ जानेवारीपासून पुढचे हल्ले संघटितपणे चालविण्याचा ठपका शिवसेनेच्या शाखाप्रमुखांपासून थेट पक्षप्रमुखांपर्यंत ठेवला. ३१ पोलिसांची नावे घेतली. म्हणजे जो कर्ता वर्तमानपत्रांस सापडत नव्हता तो एका न्यायाधीशास पाच वर्षे साक्षी घेऊन सापडला! मग काय झाले? तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी अहवाल हिंदुविरोधी म्हणून झिडकारला. पुढे दुसऱ्या पक्षाची सरकारे आली. निवडणुकीत "अहवाल अंमलात आणू" म्हणाली आणि खुर्चीवर बसल्यावर त्याचीच उशी केली. अर्ध्याहून अधिक गुन्ह्यांच्या फायली "आरोपी सापडत नाहीत" असा शेरा मारून मिटविल्या. राधाबाई चाळीच्या खटल्यात खालच्या कोर्टाने अकरा जणांना दोषी धरले, १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुराव्याअभावी सोडले. त्या सहा जणांना कोणी जाळले, हे कायद्याने आजही ठरलेले नाही. शेवटी ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावले की बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी १०८ जणांच्या वारसांना हुडकून नुकसानभरपाई द्या. तीस वर्षांत वारसही म्हातारे झाले!

कापणी कोणी नेली हे आता पहा. कित्येक मुसलमान कुटुंबे जोगेश्वरी, घाटकोपर, कुर्ला अशा भागांतील खोल्या मिळेल त्या भावाने विकून मुंब्रा, मीरा रोडकडे गेली. मुसलमान वस्तीतील हिंदू कुटुंबेही तशीच निघाली. घाईने विकणारा भाव सांगत नाही, घेणारा सांगतो. जोगेश्वरीत एका गल्लीला लोक "सरहद्द" म्हणू लागले. रॅडक्लिफसाहेबास रेघ ओढावयास पाच आठवडे लागले होते. येथे दोन आठवड्यांत रेघ पडली, आणि तीही साहेबावाचून. १२ मार्च १९९३ रोजी बाँबस्फोट झाले, त्यांत २५७ माणसे मेली. सूडावर सूड, व्याजावर व्याज. सावकाराचे चक्रवाढ व्याज जसे कधी फिटत नाही तसेच हे. आणि मुद्दल फेडतो तो गरीबच.

आता आम्हांस विरोध करणाऱ्यांचे दोन-तीन सवाल घेऊ. पहिला : "आधी त्यांनी मारले." ठीक. "त्यांनी" म्हणजे कोणी? ज्याने मारले त्याचे नाव सांगा, साक्ष द्या, कोर्टात उभे राहा. आम्ही तुमच्यामागे येऊ. परंतु डोंगरीत कोणी सुरा मारला म्हणून बोरिवलीच्या बेकरीवाल्याने मरावे, आणि अयोध्येत कोणी घण मारला म्हणून जोगेश्वरीच्या अपंग मुलीने जळावे, हा न्याय कोणत्या पंचायतीत बसतो? गावात एकाच्या बैलाने पीक खाल्ले तर आपण त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाचा बैल कोंडवाड्यात घालतो काय?

दुसरा : "धर्म धोक्यात आहे." बांधवहो, आम्ही पुष्कळ दंगलींच्या हकिकती वाचल्या. त्यांत धर्म धोक्यात आहे असे ओरडणाऱ्यांचे स्वतःचे घर, स्वतःचा मुलगा, स्वतःची मोटार धोक्यात आलेली फार क्वचित आढळली. पुढाऱ्याचा मुलगा परदेशी शिकतो. धर्माचे रक्षण करावयास तुमचा पोर लागतो. ज्याचे जळते त्याला कळते, आणि ज्याला कळते त्याला भाषण करावयास कोणी बोलावीत नाही.

तिसरा : "हे आपल्याच देशाचे दुखणे, रक्तातच आहे." हेही खोटे. ज्या वर्षी जोगेश्वरी जळत होती, त्याच वर्षी युरोपात युगोस्लाव्हिया देश मोडत होता. गोरे, शिकलेले लोक. एकच बोली बोलणारे. तरी साराजेव्हो शहरास एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत वेढा पडला होता. आफ्रिकेतील रुआंडात १९९० पासून यादवी चालू होती. १९९३ साली समेट होऊन सत्तेची वाटणी ठरली. ज्यांना वाटणी नको होती त्यांनी पुढल्या वर्षी रेडिओवरून शेजाऱ्यांना मारण्याची चिथावणी दिली, आणि एप्रिल ते जुलै १९९४ या शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास तुत्सी व त्यांना वाचवू पाहणारे हुतू मारले गेले. हत्यार कोणते होते? पुष्कळ ठिकाणी शेतीचे कोयते. तेथेही मारणारा शेतकरी, मरणारा शेतकरी आणि रेडिओवर बोलणारा मात्र शहरी बाबू. कातडीचा रंग बदलतो, देवाचे नाव बदलते, पण कृती तीच.

म्हणूनच दंगल थांबविताही येते. आमच्याच ठाणे जिल्ह्यातील भिवंडी पहा. यंत्रमागाचे गाव, मुसलमान विणकरांची मोठी वस्ती. तेथे १९७० साली व १९८४ साली भयंकर दंगे झाले होते. पुढे सुरेश खोपडे नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने शांततेच्या काळातच मोहल्ल्या-मोहल्ल्यांत दोन्ही समाजांच्या साध्या माणसांच्या समित्या केल्या. पुढारी नव्हेत, मागवाले, दुकानदार, मास्तर, रिक्षावाले. नळाचे भांडण, गटाराची तक्रार, पोरांची मारामारी, सर्व त्यांनी एकत्र बसून सोडवावयाचे. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली! दंगल जर समुद्रासारखी उसळती, तर भिवंडीस ती चुकली असती काय? रक्त तेच होते, धर्म तेच होते. फक्त तेथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नाव ठाऊक होते, आणि बी पेरू पाहणाऱ्यास जमीन मिळाली नाही. आपली रीत मात्र अशी की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शांतता समिती नेमायची ती प्रेते उचलल्यावर, आणि तिच्यात बसवायचे त्यांनाच ज्यांच्या भाषणाने माणसे मेली.

तेव्हा आमचे सांगणे असे. पोराला मुंबईस धाडताना भाकरीबरोबर चार गोष्टी त्याच्या पदरात बांधा. एक, कोणी काठी किंवा रॉकेलचा डबा हातात दिला तर त्याने विचारावे, "साहेब, तुमचा मुलगा कोठे आहे? त्याला पुढे करा, मी मागून येतो." दोन, हल्ली अफवा मोबाईलवर क्षणात येते. "डोळ्यांनी कोणी पाहिले, त्याचे नाव काय?" एवढे विचारल्याशिवाय ती पुढे ढकलू नये, न ढकललेली अफवा कुजून मरते. तीन, चाळीतला नळ, संडास, भाडे व शाळा यांसाठी सर्व जातिधर्मांच्या लोकांची एक मंडळी आजच करावी, आणि तिच्यात बायकांना निम्म्या जागा द्याव्यात, कारण दंगलीनंतर रेशनच्या रांगेत व कोर्टाच्या पायरीवर उभ्या राहतात त्या बायकाच. चार, मत मागावयास जो येईल, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, त्यास विचारावे की श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाचे तुमच्या पक्षाने काय केले? जो उत्तर देण्याऐवजी घोषणा देईल, त्यास चहा पाजून वाटेस लावावे.

आणि मुंबईत नसलेल्या आमच्या गावकऱ्यांसही एक सांगणे आहे. गावात मुसलमानाचे एक घर असेल, ब्राह्मणाचे एक असेल, मांगाची दोन असतील. एकट्या घरावर सर्व गावाने चालून जाणे यात कसले शौर्य? ज्या गावात एकटे घर निर्धास्त झोपते ते गाव शहाणे. आमच्या वर्गात पुढच्या आठवड्यात क्रियापदांचा धडा आहे. मुले "दंगल उसळली" असे वाक्य देतील, तेव्हा आम्ही ते फळ्यावर लिहू, आणि कर्ता सापडेपर्यंत पुसू देणार नाही. वाचकांनीही आपापल्या घरात तेवढे करावे.